अंगावर पित्त उठले, की आधी श्वास पाहा

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. त्यावर बोलायला आमच्यापेक्षा चांगले वक्ते या मांडवात बसले आहेत. आम्हाला अर्धा तास दिला आहे आणि विषय आहे शेंगदाणा. शेंगदाण्याचे पीक नव्हे. शेंगदाणा खाऊन एखाद्याच्या जिवावर बेतते, ते कसे ओळखायचे, हा विषय आहे.

विषय कळल्याबरोबर मांडवाच्या दारातच दोघांनी आम्हाला अडवले. एक म्हणाला, “हे मुंबई-पुण्याच्या लोकांचे दुखणे, आम्हा पऱ्हाटीवाल्यांना काय त्याचे?” दुसरा जरा रागातच होता. म्हणाला, “आपल्याच मेळाव्यात आपल्याच पिकाची बदनामी करता का?”

दुसऱ्याला आधी उत्तर देतो. भुईमूग निर्दोष आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. दूध-अंडी परवडत नाहीत त्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर दाण्याची चटणी आहे म्हणून मजुराच्या अंगात दिवसभर काम करण्याची ताकद राहते. हजार माणसे दाणे खातात आणि ढेकर देऊन कामाला लागतात. दोष दाण्यात नाही, एखाद्या माणसाच्या शरीराच्या राखणीत आहे. ते कसे, ते पुढे सांगतो.

आता पहिल्याला. इंग्लंड-अमेरिकेत शंभरात एक-दोन मुलांना ही ॲलर्जी असते, म्हणून तिथे शाळेतल्या शिपायालाही ती ठाऊक असते. आपल्याकडे प्रमाण त्याहून बरेच कमी आहे. पण कमी आहे हीच आपली अडचण. गावात कुणी पाहिलेले नाही, त्यामुळे समोर घडते तेव्हा ओळखत नाही. आम्हीही ओळखले नाही. म्हणूनच आज इथे उभे आहोत.

गोष्ट आमच्याच घरातली आहे. आमच्या धाकट्या भावाची मुलगी. तीन वर्षांची असताना आषाढी एकादशीला तिने साबुदाण्याच्या उसळीचे दोन घास खाल्ले. पंधरा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर आणि पोटावर गांधी उठल्या. आमच्या आईने आमसुलाचे पाणी करून अंगाला चोळले, पोरीला घोंगडीत गुंडाळून निजवले. संध्याकाळपर्यंत सगळे उतरले. आई म्हणाली, पित्त उठले होते. आम्हीही तेच म्हणालो. घरात कुणाला वाटले नाही की हे का झाले ते विचारावे.

त्यानंतर पोरगी दाण्याचे काही खाईना. चिक्की दिली तर जीभ बाहेर काढायची आणि बोटाने खरवडायची. “खाजतं,” म्हणायची. आम्ही हसायचो. पोरगी नखरेल आहे म्हणायचो. भावांनो, तीन वर्षांचे लेकरू दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगणार होते? तिने सांगितले होते. आम्हाला ऐकू आले नाही.

त्याच वर्षी कापूस वेचणीला आला. बाया वेचत होत्या, पोरगी धुऱ्यावर झाडाखाली खेळत होती. दुपारी सिदोरी सुटली आणि कुणीतरी मायेने तिच्या तोंडात भाकरीचा घास घातला. घासाला चटणी लागलेली होती. पाच मिनिटांत पोरगी खोकायला लागली. मग उलटी. मग आवाज बदलला, घोगरा झाला, जणू वर्षभराचा पडसा आहे. अंगावर गांधी होत्याच. आई म्हणते, सगळ्यात जास्त भीती वाटली ती पोरगी एकदम गप्प झाली तेव्हा. रडणेसुद्धा थांबले, मान टाकली.

मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला जवळच्या गावातल्या दवाखान्यात नेले. शेतातून आणली म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, फवारणी केली होती का? प्रश्न चुकीचा नव्हता. पण नाही म्हणेपर्यंत आणि आम्ही चटणीचे सांगेपर्यंत वेळ गेला. तिथे पित्ताचे इंजेक्शन दिले आणि पुढे न्या म्हणाले. पुढे म्हणजे आणखी चाळीस मिनिटे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीकडे पाहिले, एकच प्रश्न विचारला, “काय खाल्ले?” आणि मांडीत एक इंजेक्शन दिले. दहा मिनिटांनी पोरीने आईला हाक मारली. त्या इंजेक्शनचे नाव ॲड्रेनॅलिन. हे नाव घरी जाईपर्यंत विसरू नका.

आमची मूर्खपणाची कहाणी इथे संपत नाही. बाई म्हणाल्या, रात्रभर इथेच ठेवा. आम्ही म्हणालो, पोरगी खेळायला लागली, आता काय? खरे कारण वेगळे होते. वेचलेला कापूस उघड्यावर पडला होता आणि आभाळ भरून आले होते. सही करून पोरीला घरी आणली. रात्री नऊला पुन्हा उलटी, पुन्हा सूज. पुन्हा तोच रस्ता, अंधारातून. आज पोरगी शाळेत जाते, धडधाकट आहे. पण ती वाचली यात आमच्या शहाणपणाचा वाटा फार थोडा आहे.

आता हे होते कसे, ते आपल्या भाषेत सांगतो. पिकात रात्री जागलीला बसणारा माणूस तुम्ही पाहिला आहे. डुकरे येतात म्हणून तो बसलेला असतो. समजा अंधारात त्याने आपलाच बैल डुक्कर समजून हेरून ठेवला. पहिल्या रात्री तो फक्त ओळख ठेवतो. पुढच्या वेळी बैल दिसला रे दिसला की आरडाओरड, दगडफेक, फटाके, आणि त्या गोंधळात आपलेच पीक तुडवले जाते. शरीरातही रोगजंतूंवर नजर ठेवणारी अशी राखण आहे. काही माणसांत ही राखण दाण्यातल्या प्रथिनालाच शत्रू ठरवून बसते. पुढे दाण्याचा कण जरी पोटात गेला तरी ती अंगभर हिस्टामिन आणि तसली रसायने सोडते. त्या रसायनांनी रक्तवाहिन्या पाझरू लागतात. चारी फुटली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसा रक्तदाब कोसळतो आणि मेंदूला, काळजाला रक्त कमी पडते. पाझरलेले पाणी ओठांत, पापण्यांत, घशात साठते, ती सूज. श्वासाच्या नळ्या आवळतात, ती घरघर. हे सगळे एकदम होते तेव्हा डॉक्टर त्याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. फ्रान्समधल्या पोर्टिए आणि रिशे या दोघांनी १९०२ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात हे पाहिले आणि त्याला नाव दिले. रिशे यांना १९१३ साली त्यासाठी नोबेल मिळाले. शंभराहून जास्त वर्षे झाली, आपल्या गावात अजून ते ‘पित्त’च आहे.

या पित्त शब्दानेच आपला घात केला आहे. आपल्या मराठीत घशाशी आंबट आले तरी पित्त, डोके ठणकले तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. शब्द एक असला की उपायही एक होतो, आणि गंमत अशी की बहुतेक वेळा तो चालूनही जातो. अंगावर नुसत्या गांधी उठल्या, माणूस नीट बोलतो आहे, श्वास नीट आहे, पोट शांत आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. अशा गांधी सर्दी-तापाने, औषधाने, कधी काही कारण न कळता येतात. आमसूल लावा, नाहीतर डॉक्टरांनी दिलेली सेट्रिझिनची गोळी घ्या. पण लक्ष ठेवा.

कधी ते पित्त राहत नाही? एक खूण पक्की धरा. कातडीबरोबर शरीराचे दुसरे काही बिघडले, की ते पित्त नव्हे. गांधी आणि खोकला. ओठ सुजले आणि उलट्या. अंग खाजते आणि चक्कर येते. अशी जोडी दिसली आणि आधीच्या दोन तासांत काही खाल्लेले असले, की विचार करत बसायचे नाही, निघायचे.

ही जोडी ओळखायला मायबहिणींनी जास्त कान द्यावा, कारण घरात पहिल्यांदा तुम्हालाच दिसते. खाल्ल्यावर काही मिनिटांत तोंड, जीभ, टाळू खाजू लागते. ओठ आणि पापण्या जाड होतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तेव्हा नुसते पाहू नका, पाठीवर, पोटावर हात फिरवा. गांधी हाताला लागतात, डास चावल्यासारखे पण पसरट उंचवटे. मग पोटात पिळा, उलटी, कधी जुलाब. नाक गळणे, शिंका. इथपर्यंत बहुतेकांना कळते. पुढचे कळायला पाहिजे. आवाज घोगरा होणे. गिळता न येणे, लाळ बाहेर येणे. एकसारखा कोरडा खोकला. श्वास घेताना शिट्टी किंवा घरघर, बरगड्या आत ओढल्या जाणे. चेहरा पांढरा पडणे, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी. मोठी माणसे सांगतात की एकदम वाटते, आता आपण मरणार. कुणी असे म्हणाले तर त्याला भित्रा म्हणू नका, तेही लक्षण आहे. लहान मूल बोलून दाखवत नाही. ते जीभ खरवडते, कान चोळते, आईला चिकटते, आणि मग एकाएकी लोळागोळा होते. रडणारे मूल गप्प झाले म्हणजे बरे वाटले असे समजू नका.

आणखी एक अडचण आहे, तीही सांगून टाकतो. दहातल्या एक-दोन रोग्यांच्या अंगावर काहीच उठत नाही. कातडी स्वच्छ, पण श्वास लागलेला किंवा माणूस कोसळलेला. ज्याला दाणे सोसत नाहीत हे आधीच माहीत आहे, त्याला दाण्याचे काही खाल्ल्यावर नुसता दम लागला किंवा भोवळ आली, तरी गांधींची वाट पाहू नका.

ज्याला दमा आहे त्याला धोका जास्त. आणि एरवी थोडे सोसणाऱ्यालाही ताप असला, दारू प्याली असली किंवा खाऊन लगेच उन्हात अंगमेहनतीला लागला, तर तेवढ्याच दाण्यांनी जास्त त्रास होऊ शकतो. “मागच्या वेळी इतके झाले नव्हते” या बोलण्याला अर्थ नाही. मागच्या वेळी गांधी, या वेळी घसा, असे होते. आमच्या घरात तसेच झाले.

आता आपल्या शेतातला प्रश्न. पऱ्हाटीत काम करणारा माणूस जेवल्यावर पडला तर तो दाण्याने पडला की औषधाने? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, हे या मांडवात कुणाला सांगायला नको. फरक पाहायला शिकले पाहिजे, कारण दोन्हींची औषधे वेगळी. फवारणीची बरीच औषधे ज्या जातीची असतात, त्यांच्या बाधेत तोंडाला फेसासारखी लाळ, डोळ्यांतून पाणी, भरपूर घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक आणि स्नायू फडफडणे, असे दिसते. अंगाला, कपड्याला औषधाचा वास असतो. गांधी आणि सुजलेले ओठ त्यात सहसा नसतात. त्यावर ॲट्रोपिन देतात. ॲलर्जीत ॲड्रेनॅलिन. निदान डॉक्टरच करतील, तुमचे काम दोन गोष्टी न विचारता सांगण्याचे आहे: काय खाल्ले आणि किती वाजता, काय फवारले आणि किती वाजता. डब्यातली चटणी आणि औषधाची बाटली दोन्ही बरोबर न्या. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून होणारा ॲनाफिलॅक्सिस अगदी असाच दिसतो, त्यावर औषधही तेच आहे, म्हणजे हे ज्ञान वाया जाणारे नाही.

दाण्याचे दुसरे त्रास यात मिसळू नका. खवट दाणे खाऊन मळमळते. ओली शेंग साठवून बुरशी धरली तर तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर जाते, पण मिनिटांत गांधी उठवत नाही. म्हणून शेंग चांगली वाळवून ठेवा, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आणि लहान लेकराच्या घशात अख्खा दाणा अडकतो, तेव्हा ते खाता खाता एकदम गुदमरते, अंगावर काही नसते. तिथे इंजेक्शनचे काम नाही, लेकराला पालथे धरून पाठीवर थापा मारण्याचे आहे. चार-पाच वर्षांखालच्या पोरांना अख्खे दाणे देऊच नका.

आता करायचे काय? माणसाला आडवे करा, पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच ठेवा. दम लागला असेल तर टेकून बसू द्या. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. एक गोष्ट मात्र करू नका. त्याला उभे करू नका, चालवू नका. रक्तदाब कोसळलेला माणूस उभा राहिला की तिथेच जाण्याची भीती असते. “चल, गाडीपर्यंत चालत चल” म्हणू नका, बाजेवर घालून न्या. आम्ही पोरीला मोटारसायकलवर ताठ बसवून नेले, ते चूक होते. जीप, टेम्पो मिळत असेल तर त्यात निजवून न्या. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे. फोन करा आणि “श्वास लागला आहे, खाण्याची ॲलर्जी आहे” एवढे स्पष्ट सांगा. पण ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या गाडीने वाटेत भेटायला निघा. हळद-दूध, तूप, मिठाचे पाणी, घशात बोटे घालणे यातले काही करू नका. ज्याचा घसा सुजला त्याच्या तोंडात काही घालणे म्हणजे बुजत चाललेल्या विहिरीत दगड टाकणे. नजर लागली, बाहेरचे झाले असे म्हणणारे एखादे मोठे माणूस घरात असेल, तर हात जोडून सांगा, नारळ आल्यावर फोडू.

दवाखान्यात पोचल्यावर काय मिळाले पाहिजे? ॲड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. ते फुटलेली चारी बांधते: रक्तवाहिन्या आवळते, श्वासाच्या नळ्या मोकळ्या करते, हृदयाला जोर देते. वजनावर मात्रा असते, फरक पडला नाही तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा देतात. पित्ताचे इंजेक्शन, म्हणजे ॲव्हिल वगैरे, खाज आणि गांधी कमी करते, पण घसा उघडत नाही आणि रक्तदाब उचलत नाही. स्टिरॉइडला काम करायला काही तास लागतात. ती द्यायला हरकत नाही, पण ॲड्रेनॅलिनच्या नंतर, त्याच्या ऐवजी नव्हे. डॉक्टरांना शिकवायला आम्ही निघालेलो नाही. पण “साहेब, हा ॲनाफिलॅक्सिस तर नाही ना, ॲड्रेनॅलिनची गरज आहे का?” असे विचारण्याचा हक्क पेशंटच्या बापाला आहे, आणि कोणताही चांगला डॉक्टर त्यावर रागावणार नाही.

हे औषध परदेशी नाही, महागही नाही. एक मिलिलिटरची छोटी काचेची कुपी असते, फ्रिजही लागत नाही, फक्त उजेड आणि उष्णता यांपासून जपायची. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंच्या पेटीत ती असते, कारण लशीनेही लाखात एखाद्याला असे होते. तेव्हा उद्या गावी गेल्यावर आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. भांडायला नको, विचारायला जा. ॲड्रेनॅलिन आहे का? मुदत कोणत्या महिन्यापर्यंत आहे? रात्री कपाटाची किल्ली कुणाकडे असते? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तहसीलवर आपण शंभर वेळा धरणे धरले, हा फेरा त्यापेक्षा सोपा आहे. आणि बरे वाटले तरी डॉक्टर ठेवा म्हणतील तोवर दवाखान्यात ठेवा. काही तासांनी तोच झटका पुन्हा येऊ शकतो. कापूस भिजला तर भिजला.

एकदा असे झाल्यावर घरच्या घरी “पाहू बरे, दाण्यानेच होते का” म्हणून पुन्हा चारून पाहू नका. मोठ्या दवाखान्यात कातडीवर टोचून किंवा रक्तातून तपासणी होते. पण तिथेही एक सावधगिरी. नुसती तपासणी दोषी निघाली म्हणजे ॲलर्जी आहे असे नव्हे. आपल्याकडे पुष्कळ लोकांची तपासणी दोषी निघते आणि ते आनंदाने दाणे खात असतात. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, ही हकीकत पहिली, तपासणी दुसरी. शहरात शंभर-शंभर पदार्थांची यादी तपासून देतात आणि माणूस दूध, गहू, तूर, वांगे सगळे सोडून वाळून जातो. असल्या यादीवर पैसे घालवू नका. भुईमूग डाळवर्गातला आहे म्हणून तूर-मूग सरसकट बंद करण्याचेही कारण नाही. ज्याने त्रास झाला तेच बंद.

ते बंद करणे मात्र आपल्या महाराष्ट्रात मोठे अवघड. उपास म्हटला की दाणा. भगरीबरोबर दाण्याची आमटी, भरल्या वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट, लाडवात कूट. कूट केलेल्या मिक्सरच्या भांड्यातच तिखट वाटतात, त्याच पळीने दुसरी भाजी वाढतात. ज्याला ॲलर्जी आहे त्याला दाण्याचा तुकडाही पुरतो. भाजून, तळून ती जात नाही. उकडल्याने थोडी कमी होते, पण तिच्या भरवशावर लेकराला उकडलेली शेंग देऊ नका. टीएजी-२४ असो की जेएल-२४, वाण बदलून फरक पडत नाही. कारखान्यातल्या रिफाइंड तेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही, पण आपल्या घाण्याच्या तेलात राहते. घाण्याचे तेल आम्हालाही आवडते, तरी खरे ते सांगितले पाहिजे. शेंगा फोडताना, पेंड कुटताना उडणाऱ्या धुळीपासूनही अशा मुलाला लांब ठेवा. पाकिटावर २०२० च्या नियमांप्रमाणे शेंगदाणा असल्यास लिहावे लागते. ते इंग्रजीत बारीक अक्षरात असते, ‘पीनट’ किंवा ‘ग्राउंडनट’ हा शब्द पोरांकडून वाचून घ्या. औषधावर, मलमावर ‘अरॅकिस ऑइल’ लिहिले असेल तर तेही शेंगदाण्याचेच तेल. सुट्या फरसाणावर आणि यात्रेतल्या लाडवावर कसलेच अक्षर नसते. तिथे विचारणे हाच उपाय. शाळेतल्या बाईंना, अंगणवाडीच्या ताईंना आणि खिचडी शिजवणाऱ्या मावशींना घरी जाऊन सांगा. आमची वहिनी शाळा सुरू झाली की दरवर्षी जाते. दर पाच मुलांपैकी एखाद्याची ही ॲलर्जी मोठेपणी जाते, बाकीच्यांची राहते.

एक चांगली बातमी भुईमूगवाल्यांसाठी राखून ठेवली होती. पूर्वी इंग्लंड-अमेरिकेतले डॉक्टर सांगत, ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे त्या बाळांना तीन वर्षांपर्यंत दाणा दाखवूच नका. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी दोन देशांतल्या ज्यू मुलांची तुलना केली. इंग्लंडमधल्या मुलांत ॲलर्जी १.८५ टक्के, इस्रायलमधल्या मुलांत ०.१७ टक्के. वंश एकच, फरक एवढाच की इस्रायलमधली बाळे दात येण्याच्या वयापासून दाण्याचा कुरकुरा खात होती. मग त्यांनी ॲलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० बाळे घेतली, चार ते अकरा महिन्यांची. निम्म्यांना दाण्याचे पदार्थ नियमित दिले, निम्म्यांना दिलेच नाहीत. २०१५ साली निकाल आला. पाच वर्षांची होईपर्यंत न खाणाऱ्यांत १७.२ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. म्हणजे बाळाला सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करताना पेजेत, भाताच्या पाण्यात चिमूटभर बारीक कूट कालवून देणाऱ्या आज्या बरोबर होत्या. कूट अगदी बारीक हवा, अख्खा दाणा नव्हे. ज्या बाळाला अंगभर इसब आहे किंवा अंड्याने त्रास झाला आहे, त्याच्या बाबतीत मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आणि हे ॲलर्जी होऊ नये म्हणून आहे, झालेल्यावर घरी करण्याचा उपाय नव्हे. तेव्हा बदनामी कुठे झाली, ते दाराशी भेटलेल्या भाऊंनी आता सांगावे.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपली. आता जेवणाची सुट्टी होईल. आज वांग्याच्या भाजीत दाण्याचा कूट आहे. आम्ही स्वयंपाकाच्या मंडळींना सांगून डाव्या बाजूला वेगळे पातेले आणि वेगळी पळी ठेवली आहे. त्यात कूट नाही, फोडणीला घाण्याचे तेल नाही. ज्यांना, ज्यांच्या लेकरांना दाणे सोसत नाहीत त्यांनी आधी त्या बाजूला बसावे. आणि कुणाच्या पोराला चिक्की खाऊन जीभ खाजते असे या अर्ध्या तासात आठवले असेल, तर जेवण झाल्यावर मांडवाच्या मागे येऊन आम्हाला भेटा.